दुसऱ्या मजल्याचा आठवा कोपरा

अण्णा, दुसऱ्या मजल्याच्या त्या एका कोपऱ्यातल्या सांध्यांना सरस मी लावला होता. तुमच्या पागोड्याला, तुमच्या नकळत. आणि त्यानंतर पाच वर्षे, तुम्ही जाईपर्यंत, मी त्याविषयी अवाक्षरही काढले नाही.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. तुमचे जन्मगाव, नोकरी, मागे असलेला परिवार हे सगळे मीनलने लिहून दिले आणि मंडळाच्या ग्रुपवर ते येऊनही गेले. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ते वाचताना माझ्या लक्षात आले की त्यात एकही चूक नाही आणि तरीही ते पुरे नाही. तुमचा जावई म्हणून मला जे सांगायचे आहे ते आमच्या शॉमबर्गच्या घराच्या तळघराविषयी आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

मीनलची आई गेल्यावर तुम्ही कोल्हापूर सोडून इकडे परदेशात आमच्याकडे आलात. पहिला हिवाळा तुम्ही खिडकीपाशी बसून काढला. बर्फाकडे पाहत एकदा म्हणालात, "जावईबापू, हितं समदं झाकून टाकत्यात बगा. रस्ता, गवात, माणसं." मी हसलो होतो. तुमचा कंटाळा मला दिसत होता, पण त्यावर उपाय शोधण्याइतका वेळ मी काढला नाही. उपाय आमच्या मुलीने, इराने शोधला. ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिने तुम्हाला गावच्या वाचनालयात नेले आणि तुम्ही दोघे एक थोरले पुस्तक घेऊन परत आलात. चीनमधल्या जुन्या लाकडी इमारतींचे ते पुस्तक होते. मजकूर इंग्रजी, पण पानोपानी आराखडे, छेद, मापे. उभे आयुष्य उद्यमनगरातल्या फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, कोरण्यात गेलेल्या माणसाला आराखडा वाचायला भाषा लागत नाही, हे मी त्या संध्याकाळी पाहिले. जेवण गार होईपर्यंत तुमचे बोट एकाच पानावरून फिरत होते.

त्या पानावर शान्शी प्रांतातल्या यिंगशियनचा लाकडी पागोडा होता. साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ उभा असलेला, अष्टकोनी, वीस मजली इमारतीएवढा उंच, आणि सगळा लाकडाचा. इरा तिच्या परीने मराठी करून वाचत होती.

"आजोबा, बाहेरून फाइव्ह फ्लोअर्स दिसतात. बट इट्स रिअली नाइन! चार लपलेले आहे."

"लपल्यालं हाय तेच भार घेतंय, बाळा," तुम्ही म्हणालात. "वरनं दिसतंय ते नुसतं मिरवाय."

मग तुम्ही तिला कागदावर काढून दाखवलेत. प्रत्येक दोन मजल्यांच्या मध्ये एक आंधळा मजला, त्यात तिरके टेकू, आठही बाजूंनी आवळलेले, एखाद्या पिंपाच्या कड्यासारखे. आणि खांबांच्या डोक्यावर ते ठोकळे व कमानदार हात, एकावर एक, एकात एक अडकवलेले, वरच्या छपराचा भार तळहातावर झेलावा तसे झेलणारे. चिनी लोक त्यांना दौगोंग म्हणतात. त्यातल्या पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ धान्य मोजायचे माप, असे पुस्तकात होते. ते ऐकून तुम्ही खूश झालात. "म्हंजी आपली पायलीच की!" त्या एका इमारतीत त्यांचे पन्नासांहून अधिक प्रकार आहेत. जागा बदलली, भार बदलला, की हात बदलतो. तुम्ही म्हणालात, हे करणाऱ्याने एकही तुकडा आळसाने केलेला नाही.

मला आपले वादही आठवतात. पागोडा म्हणजे मुळात आपलाच स्तूप, हे मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगायला गेलो होतो. त्यांचा 'ता' हा शब्द आपल्या 'थूप'वरून आला, आपल्या स्तूपावरची दगडी छत्री तिकडे वाढत वाढत मजल्यांची झाली, वगैरे. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, "आसंल की. हिकडनं गेला, तिकडं उंच झाला, आन् घरच्यास्नी वळखू येईना झाला. तुमच्यासारकंच जावईबापू." मीनल इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर मात्र तुम्ही कार्ल्याच्या लेण्याविषयी सांगितलेत. तरुणपणी एकदा तुम्ही तिथे गेला होतात, आणि छताला असलेल्या लाकडी फासळ्या मान दुखेपर्यंत पाहत उभे राहिला होतात. डोंगर कोरून काढणाऱ्याला लाकडाच्या फासळ्यांची गरज नव्हती. पण त्याचा बाप, आजा लाकडात काम करत आला होता, म्हणून दगडातही त्याला लाकडावाचून करमले नाही, असे तुमचे म्हणणे. असे म्हणणे कोणत्याही पुस्तकात मी वाचलेले नाही, अण्णा, आणि तरीही मला ते खरे वाटते.

मार्च उजाडला तसे तुम्ही तळघराचा एक कोपरा झाडून घेतलात आणि पागोडा करायला बसलात. कोल्हापूरहून आणलेली पटाशांची गुंडाळी उघडली, रंधा काढला, आणि ती पितळी पट्टी. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा होता. तुम्हीच मला समजावले होते, वितळलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करायचा. ते थोडे किती, यातच कारागीर कळतो. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवतात. तुमच्याकडे चुकलेले ओतकाम भंगारात जायचे.

दोन वर्षांत तीन मजले उभे राहिले. माझ्या कमरेच्या वर आले. एक खिळा नाही, सरसाचा एक थेंब नाही. आपला मोठा वाद झाला तो यावरूनच.

"अण्णा, एवढेसे तुकडे आहेत. एक थेंब ग्लू लावला तर कोण बघणार आहे?"

"लाकूड बघतंय की."

"अहो, पण हलतंय ते! इराच्या मैत्रिणी खाली धावल्या की सगळा डोलारा थरथरतो."

"थरथरू दे. हलतंय म्हणून तर टिकतंय. थंडीत आकसंल, उन्हाळ्यात फुगंल. त्येला हलाय जागा ठिवायची का न्हाई? तुम्ही सरस लावनार, मग त्यो बिचारा कुठं जानार?"

मी चेष्टेने म्हणालो, "तो कुठेच जायला नको म्हणूनच तर ग्लू लावायचा." तुम्ही माझ्याकडे पाहिलेत आणि पुन्हा पटाशीला धार लावू लागलात. तो वाद मी हरलो होतो आणि हरणे मला रुचले नव्हते. पुढे जे झाले त्यात याचा वाटा होता, हे आज मी मान्य करतो.

त्या ऑक्टोबरात वाचनालयाने तुमचे काम महिनाभर मांडायला मागितले. तुम्हाला किती आनंद झाला होता! शनिवारी दुपारी तुम्ही आणि मीनल किराणा आणायला गेलात. जाताना तुम्ही मला बजावलेत, "मी आल्याबिगर हात लावू नका. दोघं मिळून उचलू." मला वाटले, जिन्यातून जातो की नाही एवढे पाहून ठेवावे. मी तो उचलला. दुसऱ्या मजल्याचा एक कोपरा थरथरला, आणि खांबावरचा एक ठोकळा माझ्या अंगठ्याखाली फुटला.

त्याच क्षणी मी काय करायला हवे होते ते मला ठाऊक होते. तुम्ही रागावला नसतात. नवा ठोकळा कोरायला तुम्हाला एक सकाळ लागली असती. पण 'हात लावू नका' म्हटल्यावर हात लावला होता, वाद हरलो तरी सरसाची बाटली घरात होतीच, आणि माझ्यासारखा पन्नाशीला टेकलेला माणूस सासऱ्यासमोर 'माझ्याकडून मोडलं' असे म्हणायला लाजतो. मी ठोकळा चिकटवला. मग विचार केला, प्रवासात हादरे बसतील, तर शेजारचे सांधेही पक्के करावेत. त्या कोपऱ्यातल्या सगळ्या सांध्यांत मी सरस सोडला, ओघळ पुसले, आणि वर येऊन चहा करून ठेवला.

तुम्ही आलात. कोपऱ्याला हात लावून पाहिलेत आणि तुमचा चेहरा उजळला. "जावईबापू, ह्यो थरथरायचा थांबला बगा. बसला वाटतं लाकडाला लाकूड."

मी म्हणालो, "हो, अण्णा."

माझी चूक लाकूड फुटले तेव्हाची नाही. ती या दोन शब्दांची आहे.

वाचनालयात लोक तुमच्याभोवती गोळा झाले. तुम्ही मराठीत सांगत होतात, इरा इंग्रजीत. एका बाईंनी विचारले, खरा पागोडा अजून सरळ उभा आहे का? तुम्ही सांगितलेत, नाही, तो दुसऱ्या मजल्यापाशी कलला आहे. भूकंप त्याने अंगावर काढले. लढायांत तोफगोळे बसले, त्यांच्या खुणा अजून आहेत. पण शंभरएक वर्षांपूर्वी गावच्याच लोकांनी, तो अधिक सुंदर दिसावा, आत उजेड यावा म्हणून, जुन्या मातीच्या भिंती काढून जाळीची दारे बसवली. त्या मातीच्या पोटात तिरके टेकू होते. तेही गेले.

"शत्रूचं गोळं पचीवलं त्यानं," तुम्ही म्हणालात. "भक्तांची हौस न्हाई पचली."

इराने भाषांतर केले. लोक हसले. मी मागे, पुस्तकांच्या कपाटापाशी उभा होतो आणि माझे हात खिशात होते.

जानेवारीत थंडी उणे वीसवर गेली. तळघरातला घर तापवणारा फर्नेस अहोरात्र धडधडत होता, हवा कोरडी ठक्क झाली होती. सात कोपरे आपापल्या खाचांतून आकसले, सैलावले, सावरले. आठव्याला आकसायला जागाच नव्हती. एका सकाळी तुम्ही खाली गेलात तेव्हा त्या कोपऱ्यातला एक कमानदार हात उभा चिरला होता आणि वरचा मजला त्या बाजूला झुकला होता. तुम्ही ओळंबा सोडलात. तीन दिवस तुम्ही मापे घेत होतात. पितळी पट्टी, गुण्या, पुन्हा ओळंबा. चौथ्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत.

"माजा हात गेला, जावईबापू," तुम्ही म्हणालात. "कुठंतरी माप चुकलंय माजं. गावंना."

त्यानंतर तुम्ही म्हणालात, "उकलून बगतो समदं."

अण्णा, तुम्ही उकलले असते तर पहिल्या तासात तुम्हाला कळले असते. म्हणून मी तुम्हाला उकलू दिले नाही. मी म्हणालो, दोन वर्षांचे काम आहे, राहू द्या; तुमची पाठ दुखते; असाही सुंदरच दिसतो. आणि वर मी म्हणालो, "खरा पागोडासुद्धा तिथेच कलला आहे ना, अण्णा? मग तुमचा तर अगदी तंतोतंत झाला."

तुम्ही मला बरे वाटावे म्हणून हसलात. एक खरी गोष्ट मी खोटे झाकायला वापरली, आणि तुम्ही ती माया समजून घेतलीत. पुढच्या आठवड्यात पटाशांना तेल लावून तुम्ही गुंडाळी बांधून ठेवलीत. चौथा मजला कधी सुरूच झाला नाही.

त्या लाकडी पागोड्याचे काय करावे, यावर चीनमध्येही कित्येक वर्षे एकमत नाही, हे आपण दोघांनी वाचले होते. कोणी म्हणते, उकलून पुन्हा बांधा. कोणी म्हणते, वरचे मजले उचलून धरा आणि खालचा दुरुस्त करा. कोणी म्हणते, आधार द्या, पण हात लावू नका. तुम्ही उकलण्याच्या बाजूचे. "ज्यानं बांदला त्याला म्हाईत हुतं की कवातरी उकलावा लागंल. म्हणून तर खिळा मारला न्हाई." मी हात न लावण्याच्या बाजूचा. चालत्या गोष्टीला कशाला छेडायचे, असे मी म्हणायचो. फिरायला जाताना, गाडीत, जेवताना आपण हा वाद कितीदा घातला! तुम्हाला वाटे, आपण चीनविषयी बोलत आहोत. मी आमच्या तळघराविषयी बोलत होतो. तो वाद अर्धाच राहिला, आणि आता मला माझी बाजू सोडायची आहे, तर समोर कोणी नाही.

तुमचा हात गेला नव्हता हे मी रोज पाहत होतो. मीनलसाठी तुम्ही गवार मोडत बसायचात. प्रत्येक तुकडा एकाच लांबीचा. इराच्या पेन्सिलींना सुरीने अशी टोके काढायचात की ती शाळेत मिरवायची. ती म्हणायची, "आजोबा, बाकीचा टॉवर फिनिश करू ना, मी हेल्प करते." तुम्ही म्हणायचात, "आता डोळं हायत, हात न्हाई." मी ताटावरून उठून जायचो. एकदा डॉक्टरांकडून परत येताना, लाल सिग्नलला थांबलो असताना, मी धीर करून सुरुवात केली, "अण्णा, ते मॉडेल..." तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "आसू दे हो. तुम्ही किती हळहळताय माज्यासाठी." सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली, आणि एका माणसाची न कमावलेली माया खिशात घालून घरी आलो.

मीनलला मी हे सगळे तुम्ही गेलात त्याच दुपारी सांगितले. ती म्हणाली, "अण्णांना कळलं असेल रे. त्यांना लाकडातलं कळत नाही असं काही होतं का?" तिला मला सावरायचे होते. पण तुम्हाला ठाऊक होते असे मानणे मला फार सोयीचे आहे, आणि म्हणूनच मी ते मानत नाही. तुम्हाला ठाऊक असते तर तुम्ही पटाशा बांधून ठेवल्या नसत्या.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी सकाळी मी तळघरात गेलो आणि तुम्हाला नाकारलेली गोष्ट केली. तिसरा मजला उतरवला आणि दुसरा उकलला. सात कोपरे बोटांनी हलकेच वर दाबताच सुटले. ठोकळ्यातून हात, हातातून ठोकळा, खाचा इतक्या नितळ की पाच हिवाळ्यांनंतरही एक कपची उडाली नाही. आठवा सुटला नाही. मी त्याला तसाच सोडून जमिनीवर बसून राहिलो.

फ्यूनरल होममध्ये तुमच्या अंत्यदर्शनाला पन्नासएक माणसे होती. भिंतीवरच्या पडद्यावर कोल्हापूर होते. तिकडे रात्रीची जेवणे उरकून सगळे बसले होते, आणि पुढे, खुर्चीत, टोपी घातलेले बापू. तुमच्या शेजारच्या बाकावर तीस वर्षे काम केलेले. इकडच्या लोकांनी तुमच्या स्वभावाविषयी, तुमच्या हसण्याविषयी सांगितले. मग बापू बोलू लागले.

"अण्णाचा पॅटर्न कवा माघारी आला न्हाई. साहेब लोक तपासायचं सोडून द्यायचं, अण्णाचा हाय म्हटल्यावर." त्यांनी टोपी सारखी केली. "फकस्त शेवटी त्यो चिनी मनोरा. मला फोनवर म्हनाला, बापू, हात चुकला रे माजा. आता कुनाला सांगू नगंस. म्या सांगितलं न्हाई. पर आज त्यो गेला म्हणून बोलतो, सुताराला ह्येच्यापेक्षा मोठं दुकनं न्हाई."

तुम्ही त्यांना सांगितले होते, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले होते, तुमचा समज आमच्या तळघरातच राहिला. तो समुद्रापलीकडे जाऊन, ज्याच्या मताला तुम्ही किंमत देत होतात त्या एकमेव माणसाच्या मनात पाच वर्षे बसला होता. आणि मी आता गप्प राहिलो असतो तर तो तिथेच, खरा म्हणून, राहिला असता.

मी उठलो. माझा आवाज मुळातच लहान. तुम्ही म्हणायचात, जावईबापू बोलतात की विचार करतात तेच कळत नाही. तुमच्याजवळ जाऊन मी जे बोललो ते पहिल्या रांगेलासुद्धा धड ऐकू गेले नसावे. पडद्यावरून कोणीतरी ओरडले, "आवाज येईना हो! पाव्हणं काय म्हनत्यात? जरा मोठ्यानं!" बापूंनी कानामागे हात धरला. इराने मायक्रोफोन आणून माझ्या हातात दिला. ती माझ्याकडे पाहत होती. तिला अजून काही ठाऊक नव्हते.

आणि मग, अण्णा, तुमच्या हातांकडे पाहत, मी ते सगळे पुन्हा एकदा, आयुष्यात बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने बोललो:

"अण्णांचा हात चुकला नव्हता, बापू. माप बरोबर होतं. काल मी सगळं उकललं, सात कोपरे जसे केले होते तसे सुटले. आठवा माझ्या हातून मोडला, आणि त्याला सरस मी लावला. त्यामुळे तो कलला. अण्णांना मी ते सांगितलं नाही. ते स्वतःला दोष देत राहिले आणि मी बघत राहिलो. अण्णा, माझं चुकलं. तुमचं काम मी थांबवलं. मला क्षमा करा."